हँगरमध्ये नवीन आलात? सेसनाच्या इंजिनाची देखभाल, अगदी पहिल्यापासून

बारामती, गोंदिया, धुळे, जळगाव, जिथं जिथं फ्लाइंग ट्रेनिंग चालतं तिथं दर वर्षी दोनचार नवी पोरं हँगरमध्ये येतात. कोणी एएमईचा (विमान देखभाल इंजिनिअरचा) कोर्स करून आलेलं असतं, कोणी गावात बुलेट आणि पल्सर खोलत मोठं झालेलं असतं, आणि पहिल्या आठवड्यात सगळ्यांचा प्रश्न एकच, "दादा, हे इंजिन ट्यून कसं करायचं?" दर वेळी तेच तेच सांगून कंटाळा आला म्हणून एकदाच सगळं लिहून काढतोय, जमेल तसं.

आधी एक गैरसमज काढून टाकू. बाइकचं ट्यूनिंग म्हणजे पिकअप वाढवणं, जेट बदलणं, सायलेन्सर काढणं. इथं तसलं काही चालत नाही. विमानाच्या इंजिनावर स्वतःच्या हाताने फिरवायच्या जागा मोजून तीनचार, मॅग्नेटोचं (प्लगला ठिणगी पुरवणाऱ्या यंत्राचं) टायमिंग, आयडल आरपीएम, आयडल मिक्स्चर (हवा आणि पेट्रोलचं प्रमाण) आणि प्लगचा गॅप, आणि त्या प्रत्येकाचा आकडा मॅन्युअलमध्ये छापलेला आहे. बाकी सगळं काम एवढंच की इंजिन मागच्या महिन्यात जसं चालत होतं तसंच आज चालतंय का, आणि नसेल चालत तर कशामुळे.

आणि सही. विमानांचे नियम करणाऱ्या सरकारी डीजीसीएच्या कार-६६ नियमात पिस्टन विमानासाठी बी१.२ आणि ए२ अशा कॅटेगऱ्या आहेत, लायसन्सवाला एएमई सही करतो तेव्हाच विमान उडतं. तुम्ही शिकाऊ असाल तर काम कितीही छान केलेलं असू द्या, तो येऊन बघेपर्यंत काऊलिंग (इंजिनावरचं कव्हर) बंद करायचं नाही.

हे इंजिन आहे तरी काय

ट्रेनिंगच्या हँगरमध्ये बहुतेक वेळा लायकॉमिंग कंपनीचंच इंजिन भेटतं. सेसना १५२ मध्ये ओ-२३५, जुन्या १७२ मध्ये ओ-३२०, नव्या १७२ आर आणि एस मध्ये आयओ-३६०. ओ म्हणजे ऑपोज्ड, सिलिंडर समोरासमोर आडवे, पुढे आय लागला की इंजेक्शन, आणि आकडा म्हणजे घनइंच. ३६० घनइंच म्हणजे ५.९ लिटर, आणि ताकद फक्त १८० हॉर्सपॉवर, तीही २७०० आरपीएमला. बुलेट ३५० एका लिटरमागे याच्या जवळजवळ दुप्पट ताकद काढते, हे सांगितलं की पोरं हसतात. पण बुलेट कोणी तासन् तास पाऊण ताकदीवर पिळत नाही, आणि इथं प्रोपेलर थेट क्रँकशाफ्टवर बसवलेला आहे, मध्ये गिअरबॉक्स नाही, त्यामुळे आरपीएम वाढवला तर पात्याची टोकं आवाजाच्या वेगाजवळ जातात आणि नुसता गोंगाट होतो, ओढ वाढत नाही. म्हणून इंजिन मोठं, संथ आणि आडदांड. नीट सांभाळलं तर आयओ-३६० ला ओव्हरहॉलपर्यंत २००० तास मिळतात किंवा १२ वर्षं, जे आधी येईल ते.

सिलिंडरचे नंबर पाठ करा. पायलटच्या सीटवर बसून बघायचं, उजवा पुढचा १, डावा पुढचा २, उजवा मागचा ३, डावा मागचा ४. फायरिंग ऑर्डर १-३-२-४. कॉन्टिनेंटल कंपनीच्या इंजिनवर गेलात तर मोजणी मागून सुरू होते, तिथं गडबड करून चुकीचा सिलिंडर उतरवलेले लोक मी पाहिलेत.

आणखी एक, घरचा मिलिमीटर पान्यांचा सेट घरीच ठेवा. इथं सगळं इंचात, ७/१६, १/२, ९/१६, आणि प्लगसाठी ७/८ चा डीप सॉकेट. १३ चा पाना १/२ इंचाच्या नटावर बसतो खरा पण तो थोडा मोठा पडतो, आणि नटाचे कोपरे गेले की साहेबांना कळतंच कोणी केलं.

प्रोपेलरपासून सुरुवात

मॅग्नेटोला बॅटरी लागत नाही. आत चुंबक फिरलं की ठिणगी पडते, बस. कॉकपिटमधली किल्ली ऑफ करतो तेव्हा आपण करंट तोडत नसतो, एका वायरने, तिला पी-लीड म्हणतात, मॅग्नेटो अर्थला टेकवतो. आता ती वायर तुटली तर? किल्ली ऑफ, किल्ली खिशात, मास्टर स्विच बंद, आणि मॅग्नेटो जिवंत. त्यात सिलिंडरमध्ये थोडं पेट्रोल राहिलेलं असेल आणि तुम्ही प्रोपेलर सहज हाताने फिरवला तर इंजिन एक ठोका मारू शकतं, आणि त्या एका ठोक्यात हात जातो. म्हणून किल्ली काढलेली दिसली तरी प्रोपेलरच्या फिरण्याच्या वर्तुळात उभं राहायचं नाही, त्याला टेकून फोटो तर मुळीच काढायचा नाही.

पायरी १: खोलण्याआधी चालवून बघा

५० तास किंवा १०० तासांचं इन्स्पेक्शन आलं की नवा माणूस थेट स्क्रूड्रायव्हर घेऊन काऊलिंगवर तुटून पडतो. थांबा. आधी ज्याला परवानगी आहे त्याच्याकडून इंजिन रन करून घ्या आणि तुम्ही शेजारच्या सीटवर वही घेऊन बसा. ऑइल प्रेशर, ऑइल टेंपरेचर, स्टॅटिक आरपीएम (१७२ एसला फुल थ्रॉटलला जमिनीवर २३०० ते २४०० यायला हवेत), आयडल किती, आणि मॅग ड्रॉप.

इंजिनाला दोन मॅग्नेटो असतात आणि प्रत्येक सिलिंडरला दोन प्लग, एकेक मॅग्नेटोचा एकेक. मॅग ड्रॉप म्हणजे दोनपैकी एक मॅग्नेटो बंद करून आरपीएम किती पडतो ते. १७२ एसला १८०० आरपीएमवर बघायचं, १५० पेक्षा जास्त पडता कामा नये आणि दोघांतला फरक ५० च्या आत. १५२ ला १७०० वर, मर्यादा १२५, फरक तोच ५०. आकडा तर लिहाच, पण कसा पडला तेही लिहा. आरपीएम पडला आणि इंजिन थरथरायला लागलं तर बहुतेक एखादा प्लग घाणेरडा झालाय. जास्त पडला पण इंजिन गुळगुळीत चाललंय तर टायमिंगवर संशय घ्या, किंवा मिक्स्चरवर.

आणि ड्रॉप शून्य आला तर? एकदा एक स्टुडंट खुशीत उतरला होता, "सर आज ड्रॉपच नाही, इंजिन एकदम झकास." किल्ली आर वर, म्हणजे फक्त उजव्या मॅग्नेटोवर, नेली की डावा मॅग्नेटो बंद व्हायला हवा, तो बंदच झाला नव्हता म्हणून आरपीएम हलला नाही. काऊलिंग उघडलं तर डाव्याच्या पी-लीडच्या टर्मिनलजवळ वायरचे सगळे धागे तुटलेले, वरचं कव्हर मात्र शाबूत, ओढून बघितल्याशिवाय कळलंच नसतं. सकाळपासून चार जणांनी तो प्रोपेलर हाताने फिरवला होता, त्यात मी एक.

थरथर कुठल्या सिलिंडरमुळे आहे ते शोधायचा सोपा उपाय, ज्या मॅगवर इंजिन खराब चालतंय त्याच मॅगवर अर्धा एक मिनिट चालवून बंद करायचं आणि लगेच इन्फ्रारेड थर्मामीटर घेऊन चारही एक्झॉस्ट पाइप बघायचे. एक थंड दिसेल. त्या सिलिंडरला त्या मॅगकडून जाणारा प्लग काढा, आठही काढायची गरज नाही.

पायरी २: गरम असतानाच कॉम्प्रेशन

इंजिन गरम आहे तोवर वरचे चार प्लग काढून डिफरेन्शियल कॉम्प्रेशन टेस्ट उरकून घ्यायची. टेस्टरला दोन गेज असतात, एका बाजूने ८० पीएसआय (चौरस इंचाला ८० पाउंड) दाबाची हवा आत, दुसरं गेज सांगतं सिलिंडरमध्ये किती टिकली. ७४/८० म्हणजे ८० दिली त्यातली ७४ टिकली.

यात धोका काय आहे ते नीट समजून घ्या. सिलिंडरचा बोअर ५.१२५ इंच, म्हणजे पिस्टनचं क्षेत्रफळ २० चौरस इंचाच्या वर, त्यावर ८० पीएसआय, म्हणजे पिस्टनच्या डोक्यावर साधारण ७५० किलोचा भार. पिस्टन अगदी टॉप डेड सेंटरला, म्हणजे त्याच्या सगळ्यात वरच्या जागी, असेल तर काही होत नाही, पण दोनचार डिग्री इकडेतिकडे असेल तर प्रोपेलर असा फिरतो की धरणाऱ्याला कळतही नाही. म्हणून धरणारा माणूस अनुभवी हवा, हवा आधी थोडी सोडायची, मग हळूहळू ८० वर न्यायची, आणि मोबाइल दोघांचेही टेबलवर.

आता कान. खरी गंमत इथंच आहे. गळती कुठून होतेय ते ऐकू येतं. एक्झॉस्ट पाइपला कान लावला आणि सूऽऽ असा आवाज आला तर एक्झॉस्ट व्हॉल्व्ह बसत नाहीये. एअर फिल्टरच्या तोंडाशी आला तर इनटेक व्हॉल्व्ह. ऑइल भरायच्या नळीचं झाकण काढून तिथं आला तर रिंगमधून जातेय, थोडी तिथून जायचीच, ते चालतं. लायकॉमिंग म्हणतं ६० च्या खाली गेला किंवा चार सिलिंडरमध्ये १०-१५ पीएसआय पेक्षा जास्त तफावत आली तर पुढचा विचार करा. पुढचा विचार करा म्हणजे लगेच सिलिंडर उतरवा असं नाही हो. आमच्याकडे एकदा तीन नंबरला ५८ आला, एक्झॉस्टमधून आवाज. व्हॉल्व्हच्या सीटवर काजळीचा एखादा कण अडकला तरी असं होतं. एक फेरी उडवून आणलं, गरम गरम परत घेतलं, ७१. बोरस्कोप (बारीक नळीचा कॅमेरा) घालून व्हॉल्व्हचं तोंड बघितलं तर रंग सगळीकडे सारखा, मधे तांबूस आणि कडेला एकसारखी कडा. जळायला लागलेला व्हॉल्व्ह एका बाजूलाच वेगळा दिसतो, भाकरी तव्यावर एकीकडे करपावी तसा. तसं दिसलं असतं तर आकडा ७१ असूनही मी सिलिंडर उतरवायला सांगितला असता.

पायरी ३: ऑइल आणि फिल्टर

नियम सोपा, फुल-फ्लो फिल्टर असेल तर ५० तास, नुसती जाळीची स्क्रीन असेल तर २५ तास, आणि विमान उभंच असलं तरी चार महिन्यांत बदलायचंच. उभ्या विमानाचं ऑइल कशाला बदलायचं असं मालक लोक विचारतात. जळलेल्या इंधनाची आम्लं आणि पाणी त्याच ऑइलमध्ये असतं आणि बेअरिंग त्यातच भिजत बसतात, म्हणून.

ऑइल कुठलं ते इंजिनच्या वयावर. नवीन किंवा नुकतंच ओव्हरहॉल झालेलं असेल तर पहिले ५० तास किंवा ऑइल खाणं स्थिर होईपर्यंत साधं मिनरल, रिंग सिलिंडरला घासून नीट बसायला हव्यात म्हणून. नंतर ॲशलेस डिस्पर्संट (राख न ठेवणारं), म्हणजे डब्ल्यू१०० किंवा १५डब्ल्यू-५०. गाडीचं इंजिन ऑइल कधीच नाही, त्यातल्या ॲडिटिव्हची राख सिलिंडरमध्ये साचते आणि लालबुंद होऊन वेळेआधीच मिश्रण पेटवते.

गरम असतानाच काढा, पण हातमोजे घालून. सॅम्पल घ्यायचं असेल तर धार सुरू झाल्यावर पहिलं थोडं जाऊ द्या आणि मधलं घ्या. संपची (खालच्या ऑइल टाकीची) सक्शन स्क्रीन काढून बघायला लोक विसरतात, ती विसरू नका, मोठा तुकडा आधी तिथंच अडकतो.

आता फिल्टर कापायचा. जुना फिल्टर फेकून दिला तर अर्धं इन्स्पेक्शन फेकून दिल्यासारखं आहे. कटर डबा उघडायच्या यंत्रासारखा फिरतो, करवत लावायची नाही, नाहीतर करवतीचाच भुसा तुम्ही इंजिनचा म्हणून बघत बसाल. आतला घड्यांचा कागद ब्लेडने वरून खालून कापून सोडवा, स्वच्छ सॉल्व्हंटमध्ये खळबळून काढा, पिळून घ्या आणि उन्हात पांढऱ्या कपड्यावर पसरा. सॉल्व्हंट खाली बसलं की त्यात प्लॅस्टिकच्या पिशवीत गुंडाळलेला लोहचुंबक फिरवा. काळे कडक खडे हे कार्बन, नखाने चुरडतात. चुंबकाला चिकटलं तर पोलाद, बहुतेक वेळा कॅम, टॅपेट किंवा रिंग. चुंबकाला चिकटत नाही पण चकाकतंय तर ॲल्युमिनियम, पिस्टन किंवा पिस्टन पिनचा प्लग. एखाददुसरा बारीक कण प्रत्येक फिल्टरमध्ये असतो, घाबरू नका, लायकॉमिंगच्या सर्व्हिस बुलेटिन ४८० मध्ये किती कण सापडले की काय करायचं त्याचा तक्ता आहे. मी प्रत्येक वेळचा कागद झिपलॉक पिशवीत तारीख आणि तास टाकून ठेवतो, मागच्या तीन पिशव्या शेजारी ठेवल्या की वाढतंय का ते डोळ्यांनीच दिसतं.

नवीन फिल्टरच्या रबराला ऑइलचा हात लावून बसवा, टॉर्क १६ ते १८ फूट-पाउंड, मग सेफ्टी वायर, ओढ नेहमी घट्ट होण्याच्या दिशेने. पहिल्या वेळी वायर उलटी बांधली जाते, सगळ्यांचीच, परत करा.

१७२ ला ८ क्वार्ट (एक क्वार्ट म्हणजे जवळजवळ एक लिटर) मावतं म्हणून ८ भरू नका. बऱ्याच इंजिनांत वरचा एक क्वार्ट ब्रीदरमधून (इंजिनातली वाफ बाहेर सोडणाऱ्या नळीतून) बाहेर पडून विमानाच्या पोटाला माखतो आणि पोट पुसायचं काम तुमच्याकडेच येतं. साधारण ७ च्या आसपास ठेवा, पण तुमच्या विमानाच्या हँडबुकमधली किमान पातळी काय आहे ते आधी बघा.

पायरी ४: प्लग

चार सिलिंडर, आठ प्लग. काढताना ट्रेवर नंबर टाकून ठेवा, कुठून आला ते कळायला हवं. १०० एलएल पेट्रोलमधल्या एलएलचा अर्थ लो लेड, पण लो म्हणजे फार कमी असं समजू नका, लिटरमागे ०.५६ ग्रॅमपर्यंत शिसं असतं. ते गरम प्लगवर टिकत नाही पण थंड प्लगवर बसतं, म्हणून खालच्या प्लगच्या टोकाशी करड्या रंगाचे शिशाचे मणी साचलेले दिसतील, मोहरीएवढे. ट्रेनिंगच्या विमानात जास्तच, कारण टॅक्सी करताना आणि रांगेत थांबताना स्टुडंट मिक्स्चर फुल रिच (पेट्रोल जास्तीत जास्त) ठेवून बसतो. त्याला सांगा जमिनीवर मिक्स्चर चांगलं मागे ओढायला, इतकं मागे की चुकून तसंच थ्रॉटल दिलं तर इंजिन गुदमरेल, म्हणजे विसरून टेकऑफ घेताच येणार नाही.

मणी टोकदार पिकने किंवा व्हायब्रेटरने सोडवायचे, सिरॅमिकला न टोचता. मग हलकं ब्लास्टिंग, जास्त वेळ नाही. गॅप ०.०१६ ते ०.०२१ इंच, मॅसिव्ह इलेक्ट्रोडवाल्या प्लगला. गॅप कमी करताना बाहेरचा इलेक्ट्रोड दाबायचा आणि दाबताना गेजची तार मध्ये ठेवायची नाही, ठेवली की मधल्या इलेक्ट्रोडवर जोर येऊन सिरॅमिकला बारीक तडा जातो जो डोळ्यांना दिसत नाही आणि ८००० फुटांवर दिसतो. मल्टिमीटरने रेझिस्टन्स बघा, ५००० ओहमच्या वर गेलेला प्लग बाद. आणि हातातून जमिनीवर पडलेला प्लग कितीही नवीन असला तरी कचऱ्यात. आमच्या जुन्या चीफनी पहिल्याच दिवशी मला एक प्लग फरशीवर पाडायला लावला आणि म्हणाले, आता परत पाड, म्हणजे कोणी उचलून वापरणार नाही.

बसवताना वरचे खाली, खालचे वर, आणि फायरिंग ऑर्डरमधल्या पुढच्या सिलिंडरला, म्हणजे झीज दोन्ही इलेक्ट्रोडवर सारखी होते. तांब्याचा वॉशर नवीन. अँटीसीझ अगदी थोडं, पहिला आटा सोडून. हाताने शेवटपर्यंत फिरला पाहिजे, नाही फिरला तर सॉकेटने जबरदस्ती करू नका, आटे साफ करा. मग टॉर्क रेंच, ३५ फूट-पाउंड. प्लगला येणाऱ्या वायरच्या टोकाला बोट लावू नका, घामाचं मीठसुद्धा करंटला वाट करून देतं.

पायरी ५: मॅग्नेटो टायमिंग

आधी इंजिनची डेटा प्लेट वाचा, ठिणगी टॉप डेड सेंटरच्या किती डिग्री आधी पडायची, २५ की २०, ते त्यावर कोरलेलं असतं. शेजारच्या विमानाला २५ आहे म्हणून याला २५ असं करू नका, ओ-२३५ मध्ये २० वालीही भेटतात.

सगळे वरचे प्लग बाहेर. एक नंबरच्या भोकावर अंगठा ठेवून प्रोपेलर फिरायच्या दिशेने हळू फिरवा, अंगठा उडवला म्हणजे कॉम्प्रेशन स्ट्रोक. मग स्टार्टरच्या रिंग गिअरवरची खूण स्टार्टरच्या बॉडीवरच्या छोट्या भोकासमोर आणायची. खुणेवर थेट येऊ नका, दहाएक डिग्री मागे जाऊन मग पुढे या, म्हणजे गिअरमधला ढिलेपणा निघून जातो. टायमिंग बॉक्सच्या (मॅग्नेटोचे पॉइंट उघडताच दिवा बदलणाऱ्या पेटीच्या) वायर दोन्ही मॅग्नेटोला लावा, दोन्ही दिवे एकाच क्षणी बदलले पाहिजेत. नाही बदलले तर मॅग्नेटोचे दोन नट सैल करून तो किंचित फिरवायचा. किंचित म्हणजे खरंच किंचित, नवशिका एकदम एवढा फिरवतो की दिवाच हरवतो.

स्लिक कंपनीचा मॅग्नेटो बसवताना आत टायमिंग पिन घालतात. ती पिन तशीच ठेवून प्रोपेलर फिरवला तर आतला गिअर गेला, आणि मॅग्नेटोची किंमत ऐकून तुम्हाला झोप लागणार नाही. पिनेला लांब लाल रिबन बांधा. दर ५०० तासांनी मॅग्नेटो उतरवून आतून बघायचा असतो, पॉइंट, कार्बन ब्रश, डिस्ट्रिब्युटर ब्लॉक, ते वेगळं बेंचवरचं काम, आत्ता नुसतं बघून शिका.

पायरी ६: फिरत फिरत बघायच्या गोष्टी

हँगरचे दिवे बंद करा आणि काऊलिंग बंद असताना नाकाच्या भोकातून आत बल्ब सोडा. बॅफलच्या (हवा सिलिंडरकडे वळवणाऱ्या पत्र्यांच्या) रबराच्या कडेने जिथं जिथं उजेड दिसेल तिथून थंड हवा वाया जातेय. नागपूर-गोंदियाकडे मे महिन्यात ४५ डिग्रीत चढताना सिलिंडर हेडचं टेंपरेचर वाढतं ते अशा फटीतूनच, आणि सगळे गेजला दोष देतात. लायकॉमिंगची मर्यादा ५०० फॅरनहाइट आहे पण रोज तिथपर्यंत नेलं तर सिलिंडर टिकत नाही, ४०० च्या खाली राहील असं बघा.

इनटेक पाइपच्या जोडावर निळा डाग म्हणजे गॅस्केट गळतंय, १०० एलएलचा रंगच निळा. एक्झॉस्टच्या जोडावर पांढरट करडी पूड म्हणजे तिथून वायू निसटतोय, आणि मफलरवरूनच केबिन हीटरची हवा जाते, म्हणजे तो विषारी वायू केबिनमध्ये शिरू शकतो, त्यामुळे ते आजच्या आजच. एअर फिल्टर विदर्भ मराठवाड्याच्या धुळीत मॅन्युअलच्या मुदतीआधीच बदलावा लागतो, वाळूचा एक कण सिलिंडर घासायला पुरतो.

१५२ वर काम असेल तर एक जास्तीचं, ओ-२३५ ला हायड्रॉलिक टॅपेट नाहीत, फीलर गेज घालून क्लिअरन्स लावावा लागतो, बुलेट खोललेल्यांना हे आवडतं.

इंजेक्शनचे नॉझल काढले तर आत तार घालू नका, ॲसिटोनमध्ये भिजवा. साफ झाले का ते बघायला चारही लाइन चार सारख्या बाटल्यांत सोडून बूस्टर पंप चालू करा, चारही बाटल्या सारख्या भरायला हव्यात. जवळपास कोणी बिडी ओढत नाही ना ते आधी बघा, हे गमतीत सांगत नाहीये.

पायरी ७: आयडल मिक्स्चर

सगळं बसवून, गळती नाही ना बघून, इंजिन पूर्ण गरम करा. आयडलला आणा, ६०० ते ७०० च्या दरम्यान, नेमका आकडा मॅन्युअलमधून. आता मिक्स्चरची नॉब अगदी सावकाश मागे ओढा आणि आरपीएमकडे बघत राहा. बंद पडण्याआधी काटा थोडा वर उचलला पाहिजे, २५ ते ५०. जास्त उचलला तर मिक्स्चर रिच आहे, उचललाच नाही आणि सरळ पडला तर लीन, म्हणजे पेट्रोल कमी. स्क्रू एका वेळी एकदोन खाचाच, आणि तो फिरवायचा इंजिन बंद करून, प्रोपेलर थांबल्यावरच, मग दर वेळी इंजिन परत सुरू करून २००० पर्यंत नेऊन साफ करायचं आणि परत बघायचं. आणि लीन येतंय म्हणून लगेच रिच करत सुटू नका, आधी ते निळे डाग परत बघा, हवा कुठून तरी चोरून आत येत असेल.

सकाळी खोकणारं इंजिन

हा वेगळा मुद्दा, कारण हा लोक उडवून लावतात. सकाळची पहिली स्टार्ट, इंजिन दोन मिनिटं अडखळतं, एखादा सिलिंडर नाही असं चालतं आणि मग आपोआप ठीक होतं. याला मॉर्निंग सिकनेस म्हणतात. एक्झॉस्ट व्हॉल्व्हच्या गाइडमध्ये काजळी आणि शिसं साचलेलं असतं, थंड असताना व्हॉल्व्ह तिथं अडकतो. एका ठिकाणी मी नवीन असताना हे तीन दिवस चाललं, तिन्ही दिवस लॉगमध्ये "ग्राउंड रन केला, समाधानकारक", कारण आम्ही बघायला जाईपर्यंत इंजिन गरम झालेलं असायचं. चौथ्या दिवशी व्हॉल्व्ह हवेत अडकला, पुशरॉड वाकला, इन्स्ट्रक्टरने तीन सिलिंडरवर विमान आणून उतरवलं. त्या तिन्ही एंट्रीतलं अक्षर माझं होतं.

असं ऐकू आलं की विमान रात्रभर थंड होऊ द्या आणि सकाळी सहाला स्वतः हजर राहा. उपाय सिलिंडर न उतरवता होतो, प्लगच्या भोकातून नायलॉनचा दोर आत भरतात, पिस्टन वर आणून दोराने व्हॉल्व्ह जागेवर धरून ठेवतात, मग स्प्रिंग काढून गाइड रीमरने साफ करतात. दोराचं एक टोक बाहेर लोंबतं ठेवायचं, हे सांगायला नको खरं तर.

पावसाळा

जुहूच्या मैदानात पावसाचं पाणी भरायचं म्हणून १९३० च्या दशकात टाटांची टपालाची विमानं पावसाळ्यात पुण्याला हलवावी लागायची. मैदानं आता पक्की झाली, दमट हवा तीच आहे. लायकॉमिंगमध्ये कॅमशाफ्ट क्रँकच्या वर बसवलेला आहे, विमान उभं राहिलं की त्यावरचं ऑइल खाली ओघळून जातं, आणि जुलैतल्या पंधरा दिवसांत कॅमवर गंज धरतो. त्यानंतर पहिल्याच स्टार्टला तो गंज टॅपेटचं तोंड खरवडतो आणि सहा महिन्यांनी तुमच्या चुंबकाला पोलाद चिकटतं.

महिन्यातून एकदा तरी सलग तासभर उडवायचं, ऑइल टेंपरेचर १६५ ते २०० फॅरनहाइटमध्ये राहील असं, म्हणजे आत साचलेलं पाणी वाफ होऊन जातं. नुसतं जमिनीवर दहा मिनिटं चालवून बंद करणं हे न चालवण्यापेक्षा वाईट, पाणी तयार होतं आणि उडून जाईल इतकं तापत नाही. हाताने प्रोपेलर फिरवून ऑइल पोचवतो म्हणणाऱ्यांचंही ऐकू नका, उलट जे थोडं चिकटून असतं तेच पुसलं जातं, आणि पी-लीडची गोष्ट वर सांगितलीच आहे. महिन्याच्या वर उभं राहणार असेल तर प्रिझर्वेशन ऑइल, वरच्या प्लगच्या जागी सिलिका जेलचे डिहायड्रेटर प्लग, ब्रीदर आणि एक्झॉस्ट बंद, त्यावर लाल पट्ट्या. जेल निळं असेल तर ठीक, गुलाबी झालं की बदलायचं. कोकणात ते आठवड्यात गुलाबी होतं, म्हणून दर सोमवारी टॉर्च घेऊन एक फेरी मारायची.

वही

लॉगबुक एएमईचं असतं, ही वही तुमची. विमानाच्या नावाने एक पान, तारीख, तास, चार कॉम्प्रेशन, दोन मॅग ड्रॉप, आयडलला किती उचललं, मागच्या वेळेपासून ऑइल किती घातलं. दहा तासांना एक क्वार्ट खाणारं इंजिन दहा तासांना एकच खात राहिलं तर काळजी नाही, पण तेच सहा तासांवर आलं तर काहीतरी झालंय, आणि हे गेजवर दिसत नाही, वहीतच दिसतं.

काऊलिंग लावायच्या आधी हत्यारं मोजायची. ट्रेमध्ये कापलेला फोम असेल तर रिकामा खाचा लगेच दिसतो, नसेल तर सकाळी सगळी हत्यारं मांडून मोबाइलवर फोटो काढा आणि संध्याकाळी त्या फोटोशी जुळवा. चिंध्यासुद्धा मोजा, सहा घेतल्या तर सहा परत. माझी सहावी एकदा तासभर सापडत नव्हती, दोन्ही काऊलिंग परत उतरवली, बॅटरीच्या मागे बघितलं, एअर बॉक्स उघडला, आणि ती माझ्याच मागच्या खिशात निघाली.